माझ्या मापाचं लुगडं

मी बुटकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सारखं सांगावं लागणार नाही. लग्नात माळ घालायच्या वेळी कुणीतरी बाईने, नवरीच्या पायाखाली अजून एक पाट द्या, असं मोठ्याने सुचवलं होतं आणि सगळा मांडव हसला होता. त्या बाईचं तोंड मी अजून विसरलेले नाही.

नऊवारी नेसणाऱ्या बुटक्या बाईचं दुःख उंच बायकांना कळणं शक्य नाही. बाजारातल्या लुगड्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चारचौघींच्या उंचीला धरून असतो. माझ्यासारखीला तो कमरेशी वीतभर आत खोचावा लागतो. त्याचा पोटावर असा बोळा होतो की बाई गाठोडं लपवून निघाली आहे असं वाटावं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. फळ्यावर वरची ओळ लिहायला टाचा उंचावल्या, हात वर केला, की बोळा सुटायचा आणि लुगडं पायात यायचं. मुली माना खाली घालून पाटीवर काहीतरी लिहिण्याचं सोंग करायच्या. मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायची सवय लावून घेतली होती.

ही गोष्ट प्रांतांच्या उलथापालथीनंतरच्या वर्षांतली. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमचं बऱ्हाणपूर जिथे होतं तिथेच होतं, ताप्तीही जागची हलली नाही, पण नागपूरहून येणारे हुकूम भोपाळहून यायला लागले, आणि ते हिंदीतून. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं हेही मला नीट ठाऊक नाही, कारण आम्ही भाजीवालीशी हिंदी बोलायचो आणि देवाशी मराठी, आणि त्यात कधी कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते आमच्या शाळेतल्या थोरल्या मास्तरणींचं. त्यांना हिंदीची परीक्षा द्यायची होती, नाहीतर नोकरीवर पाणी. मराठीचा एकेक वर्ग बंद होत होता आणि त्या बिचाऱ्या चष्मे पुसत हिंदीची बाराखडी नव्याने गिरवत होत्या.

मी लहानपणापासून गावातल्या शनवारा मोहल्ल्यात वाढलेल्या पोरींसारखी हिंदी फाडफाड बोलायची, म्हणून त्या माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येऊ लागल्या. मी फी घेणार नाही म्हटलं. त्या ऐकेनात. फुकट शिकलेलं टिकत नाही, असं आम्हीच मुलींना सांगायचो, आता आम्हीच कसं मोडू, म्हणाल्या. अशी माझ्याकडे थोडी मिळकत जमली. पगार सासूबाईंच्या हातात द्यायचा हा घराचा नियम होता आणि मला त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ही मिळकत त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, ही तुझी, तू तुझ्यासाठी काहीतरी घे.

तुझ्यासाठी काहीतरी घे. ऐकायला किती सोपं आहे. मी कितीतरी दिवस त्यावर विचार करत होते, आणि मला काही सुचत नव्हतं. घरासाठी काय हवं ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. स्वतःसाठी म्हटलं की डोकं रिकामं. शेवटी एके दिवशी वर्गात बोळा सुटला, आणि मला उत्तर सापडलं. मला माझ्या मापाचं लुगडं हवं होतं.

आता लुगड्यांची आमच्या घरी ददात नव्हती. आमचे हे कापडाच्या गिरणीत हिशेबनीस होते. दिवाळीला गिरणीचं कापड सवलतीत मिळायचं आणि हे एकदम ठाणच उचलून आणायचे. एका दिवाळीत माझं पोलकं, आमच्या मुलींचे परकर आणि खिडकीचा पडदा एकाच कापडाचे होते. मी खिडकीशी उभी राहिले की दिसत नाही, असं हे म्हणायचे. मी हसायचे, पण मनातून मला ते कापड आवडत नसे. माझे वडील निंबोल्याला शाळामास्तर होते. ते स्वतः सूत कातायचे आणि त्यांची दोन मतं पक्की होती. वस्तू घ्यायची तर ती कुणाच्या हातून आली ते आपल्याला ठाऊक असावं, आणि जी वस्तू घेतल्यावर पहिल्यांदा शेजाऱ्याला दाखवावीशी वाटते ती घेऊ नये. वडील गेले, त्यांचा चरखा भावाने माळ्यावर टाकला, पण ही दोन मतं माझ्या अंगाला चिकटून राहिली होती. गिरणीच्या पगारावर जेवून गिरणीचं कापड नको म्हणणं ही कृतघ्नपणाची गोष्ट होती, म्हणून मी कधी बोलत नसे.

शाळेच्या वाटेवर विणकरांची आळी लागायची. तिथे एक म्हातारे चाचा अजून हाताच्या मागावर बसायचे. आजूबाजूला विजेचे माग आले होते, त्यांच्या खडखडाटात चाचांच्या धोट्याचा आवाज मला तेवढा वेगळा ऐकू यायचा. मी त्यांच्याकडे गेले आणि माझ्या उंचीचं लुगडं विणून द्याल का, असं विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तशी वरपासून खालपर्यंत फारशी वाट नव्हतीच, आणि म्हणाले की एका बाईसाठी पन्हा कमी करायचा म्हणजे सगळे धागे नव्याने भरायचे, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, आहे. मग ते हसले आणि विणतो म्हणाले.

रंग मी ठरवला. कच्च्या केळाच्या सालीसारखा हिरवा, आणि तांबडे काठ. आमच्या गावात जरीचं काम करणारी घरं ढिगाने, आणि ज्याला त्याला वाटायचं की आयुष्यात एकदा घेतेस तर काठाला थोडी जर तरी घाल. मी घातली नाही. मला चकाकायचं नव्हतं. मला फळ्याच्या वरच्या ओळीत लिहायचं होतं. ह्यांनी खूप चिडवलं. गिरणीच्या हिशेबनिसाची बायको मागावरचं लुगडं नेसणार, म्हणजे हलवायाच्या बायकोने गूळ खाण्यातला प्रकार, असं ते जेवताना म्हणाले. पण मधेमधे आळीवरून जाताना तेही चाचांच्या दारात डोकावून किती झालं ते बघून येत, आणि मला येऊन सांगत. त्या दिवसांत आम्ही दोघं फार आनंदात होतो.

लुगडं घरी आलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर. मी ते देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू लावलं आणि सासूबाईंना दाखवायला नेलं. त्या विधवा. त्यांनी हात मागे घेतले. लांबूनच पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि माझा हात लागायला नको असं म्हणून भिंतीला टेकून बसल्या. मला ते नेहमी टोचायचं. घर त्यांनी चालवायचं, पोरं त्यांनी वाढवायची, आणि नवं कापड आलं की हात मागे घ्यायचे. पण त्या रिवाजाशी भांडायला गेलं की त्यांनाच त्रास व्हायचा, म्हणून मी गप्प बसायचे.

मग घडी कोणी मोडायची हा प्रश्न आला. ज्यांना हा रिवाज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवं लुगडं आपण स्वतः पहिल्यांदा नेसायचं नाही. एखाद्या सवाष्णीला नेसायला द्यायचं. ती एक दिवस नेसते, घडी मोडते, परत देते, आणि मग ते आपलं. त्यामागे काय आहे मला ठाऊक नाही. बहुधा बाईला आपली वस्तू एकटीने उपभोगू द्यायची नाही एवढंच असावं. खरं म्हणजे माझा जीव त्या लुगड्यात इतका अडकला होता की मी त्याच क्षणी ते नेसून वर्गात पळाले असते. पण सासूबाई म्हणाल्या, लेक येतेच आहे आखाजीला, तिच्या हातून घडी मोडू. लेकीच्या पायाने घरात चांगलं येतं. मी बरं म्हटलं.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस खातात, गाणी म्हणतात आणि चार दिवस कामाला हात लावत नाहीत. माझ्या थोरल्या नणंदबाई तुकईथडला दिल्या होत्या. शेतीचं घर, भरपूर माणसं, आणि कामाने बाई वाळून निघालेली. उंच, लांब हाडाची बाई. भावावर फार माया. मला त्या आवडायच्या, कारण त्या कधी सासूबाईंना माझ्याबद्दल काही विचारत नसत.

आखाजीला लेकीला माहेरचं लुगडं द्यायची पद्धत. सासरे होते तोवर दरवर्षी दिलं गेलं. ते गेल्यावर आमच्या घरात दरवर्षी काही ना काही निघत राहिलं, कधी आजारपण, कधी मुलींचं, आणि नणंदबाईंच्या ओटीत नुसता चोळीचा खण पडायचा. त्या काही म्हणाल्या नाहीत. माणूस काही म्हणत नाही तेव्हा आपण त्याला काही वाटत नाही असं धरून चालतो. हे सोयीचं असतं.

सणाच्या सकाळी मी लुगडं त्यांच्या हातात दिलं. मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ‘ताई, आज हे नेसा,’ म्हणाले. घडी मोडायला असं म्हणाले नाही. ते म्हणायचं नसतंच, आमच्या घरी कुणी म्हणत नाही, बायकांना कळतं. त्यांनी लुगडं दोन्ही हातांवर घेतलं आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि नेसून बाहेर आल्या. लुगडं त्यांच्या पोटऱ्यांच्या वर राहिलं होतं. साहजिकच होतं, ते माझ्या उंचीचं होतं. झोक्यावर शेजारची एक बाई त्यांना म्हणाली, की लुगडं इतकं वर का खोचलंस. त्या म्हणाल्या, झोक्यावर बरं पडतं. मी परसात रस पिळत होते आणि मान वर करकरून बघत होते. हिरवा रंग उन्हात फार सुंदर दिसत होता. उद्यापासून हे माझं, असं माझ्या मनात चाललं होतं.

दुपारी पंगत उठायच्या आत दाजी दारात. दाजी म्हणजे नणंदबाईंचे यजमान. ते दोन दिवसांनी न्यायला येणार होते, पण त्यांच्या आईला एकाएकी बरं नाहीसं झालं होतं आणि घरात दुसऱ्या सुनाही माहेरी गेलेल्या. लगेच निघायचं होतं. मोटार सुटायला फारसा वेळ नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, बायकोकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवून आमच्या ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

‘या आखाजीले भावाले बहीण आठवली, बरं का,’ ते सगळ्यांपुढे म्हणाले. ‘आता आमच्या घरच्या बायांची तोंडं बंद होतील.’

अंगणात शेजारच्या बायका होत्या. सगळ्या हसल्या, चांगल्या मनाने हसल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. तेवढ्या वेळात, म्हणजे एक माणूस तांब्या उचलून परत ठेवेल तेवढ्या वेळात, कुणीतरी हसत हसत सांगू शकलं असतं की दाजी, ते घडी मोडायला दिलंय. पण सांगायचं कुणी. ह्यांनी सांगितलं असतं तर भावाने बहिणीला वर्षानुवर्षं काही दिलं नाही हे अंगणात पसरलं असतं. सासूबाईंनी सांगितलं असतं तर आईने लेकीच्या अंगावरचं काढून घेतल्यासारखं झालं असतं. राहिले मी. मी उंबऱ्यात उभी होते.

नणंदबाई पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. सासूबाईंनी त्यांच्या हातावर दही ठेवलं. मी पुढे झाले. ‘ताई, लुगडं…’ असं माझ्या तोंडून गेलं, आणि त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तेव्हा मला वाचता आलं नाही. मला एवढंच दिसलं की ही बाई आज सकाळपासून हसते आहे. ‘लुगडं जपा,’ मी म्हणाले. ‘मोटारीत धूळ फार उडते.’

त्यांनी मान हलवली, आणि त्या गेल्या. मी आत येऊन रसाची पातेली घासायला बसले आणि घासता घासता रडले. एका लुगड्यासाठी रडते आहे याची लाज वाटत होती, आणि तरी रडू थांबत नव्हतं.

संध्याकाळी हे जवळ येऊन बसले. म्हणाले, की गिरणीतून तुझ्यासाठी एक चांगलंसं आणू का. ह्यांचा हेतू चांगला होता म्हणून मी काही फेकून मारलं नाही. मला काय गेलं ते मला त्यांना समजावून सांगता येईना. कापड गेलं नव्हतं. आयुष्यात एकदा मी बसून विचार केला होता की मला काय हवं, कुणाच्या हातचं हवं, कसं हवं, का हवं, आणि त्याचं उत्तर मोटारीत बसून तुकईथडला निघून गेलं होतं. ते परत मागायचं म्हणजे मी माझ्याच नजरेतून उतरायचं. आणि न मागायचं म्हणजे फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहायचं. वडिलांनी वस्तू कशी घ्यावी ते शिकवलं होतं. घेतलेली वस्तू अशी हातातून गेली तर काय करावं, हे शिकवायचं राहिलं होतं.

पावसाळा संपल्यावर मी परत शिकवणीची फी जमवली आणि चाचांच्या आळीत गेले. दारातूनच कळलं. आत विजेचा माग बसला होता आणि त्यावर त्यांचा मुलगा होता. चाचा ओट्यावर उन्हात बसले होते. मी काय मागायला आले ते त्यांनी ओळखलं. ‘अब तो मशीन जितना पना दे, उतना ही पहनना है, बेटी,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी जरा वेळ त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. मग शाळेत गेले. त्या वर्षी आमच्या शाळेतला मराठीचा आणखी एक वर्ग बंद झाला आणि त्या वर्गाच्या फळ्यावर मी हिंदीतून तारीख लिहिली, खालच्या बाजूला.

पुढे नणंदबाई दर आखाजीला आल्या ते त्याच लुगड्यात. पण घरात पाऊल टाकलं की लगेच आत जाऊन ते बदलायच्या, घडी करून आपल्या बोचक्यात तळाशी ठेवायच्या, आणि निघायच्या वेळी परत नेसायच्या. मला वाटायचं, फार जपतात, सासरी मिरवायला हवं ना. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलून घ्यायचे. वर्षं जात होती आणि माझी कुरकुर जुनी होत नव्हती. त्यांच्यापुढे मात्र मी ताई, रस घ्या ना थोडा, अशी गोड. आणि त्याही माझ्याशी जास्तच गोड. आम्ही दोघी एकमेकींना साखरेत घोळवत होतो.

आमच्या थोरलीचं लग्न ठरत होतं त्या हिवाळ्यात दाजी गेले. ताप आला, उतरला, परत आला, आणि माणूस गेला. दिवसकार्य झाल्यावर रिवाजाप्रमाणे हे जाऊन बहिणीला माहेरी घेऊन आले. त्या ओसरीत आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही असं क्षणभर झालं. कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर मातकट रंगाचं लुगडं. ते मात्र घोट्यापर्यंत नीट आलेलं होतं. सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. आता घरात दोघी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गिरणीत गेल्यावर नणंदबाईंनी मला हाक मारली. सासूबाई तिथेच भिंतीशी होत्या. नणंदबाईंनी बोचकं सोडलं आणि तळातून ते लुगडं काढलं. हिरवा रंग फिका झाला होता, काठ मात्र तसेच. कुठे फाटलेलं नव्हतं, कुठे डाग नव्हता. त्यांनी ते माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही.

‘वयनी, तुहं लुगडं,’ त्या म्हणाल्या.

मी लुगड्याकडे बघत राहिले. त्याच बोलत राहिल्या, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता.

‘त्या दिवशी नेसल्याबरोबर समजलं मले. पोटऱ्या उघड्या पडल्या माह्या. हे तू तुह्या मापाचं करून घेतलेलं. घडी मोडाले देलं. संध्याकाळी धुऊन द्याचं, असं मनात होतं माह्या. मंग हे आले, अन्‌ चारचौघांत तसं बोलले. आता नाही म्हणू कशी? भावाची मान खाली गेली असती. सासू उठून बसली, जावा माहेराहून आल्या, तं तिनं सगळ्यांले बोलावून दाखवलं, की पाहा, माहेरचं आलं. जावा हसल्या, भावाले बहिणीची उंची ठाऊक नाही म्हणे. हसू देलं. दर आखाजीले वाटे, आता देऊन टाकू. देलं असतं तं तिकडं काय नेसून जाऊ?’

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तू म्हणाली होती, लुगडं जपा. म्हणून जपलं.’

इतकी वर्षं मी ज्या बाईला मनात बोलत होते ती इतकी वर्षं माझ्याचसारखी अडकून बसली होती. मला तिचा हात धरायचा होता. पण तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, अगदी सासूबाई घ्यायच्या तसे. आता हिरवं तिच्या अंगाला चालणार नव्हतं. म्हणून ते माझ्याकडे परत आलं होतं. नाहीतर आलं नसतं, आणि आलं नसतं तर किती बरं झालं असतं.

‘नेस ना,’ त्या म्हणाल्या. ‘मले पाहू दे एकदा, मापाचं कसं दिसते ते.’

मी सासूबाईंकडे पाहिलं. विधवेच्या हातून आलेलं लुगडं सवाष्णीने नेसायचं नसतं, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार. त्या नको म्हणतील आणि माझी सुटका होईल अशी मला आशा होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘नेस व,’ त्या म्हणाल्या. ‘आता कोणती घडी राह्यली मोडाची.’

मी आत जाऊन नेसले. कमरेशी काही खोचावं लागलं नाही. काठ बरोबर घोट्यावर आला, चाचांनी माझं माप धरून विणलं होतं तसा. मी बाहेर आले आणि त्या दोघींसमोर उभी राहिले. नणंदबाई पुढे सरकल्या, एक हात पदराखालून निघाला, माझ्या निऱ्यांपर्यंत आला आणि मधेच थांबला. मग तो त्यांनी परत आत घेतला. चांगलं दिसतं, म्हणाल्या. फार चांगलं दिसतं तुले.

स्वतःसाठी म्हणून मी आयुष्यात एकच वस्तू घेतली, आणि ती अंगावर आल्याबरोबर मला ती काढून टाकायची होती. पण त्या समोर बसून बघत होत्या, कौतुकाने बघत होत्या, म्हणून दिवे लागेपर्यंत मी ती नेसून घरात वावरत राहिले.